नीसचे साधेसुधे फोटो: चकचकीत किनाऱ्यामागचं रोजचं जगणं आणि एकाच फोटोचे तीन अर्थ

फ्रान्समधल्या नीस शहराचं नाव सोशल मीडियावर टाकलं की साधारण एकाच साच्यातले फोटो समोर येतात. टेकडीवरून टिपलेला धनुष्यासारखा किनारा, निळंशार पाणी, गुलाबी घुमटाचं हॉटेल, ताडाची झाडं आणि संध्याकाळचं सोनेरी ऊन. फोटो खोटे नसतात, शहर खरंच तसं दिसतं. पण साडेतीन लाखांच्या आसपास वस्तीचं हे फ्रान्समधलं पाचव्या क्रमांकाचं शहर आहे. तिथेही लोक सकाळी बाजारात जातात, गॅलरीत कपडे वाळत घालतात, ट्राम पकडतात आणि संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून गप्पा मारत बसतात.

या रोजच्या जगण्याचेही फोटो आहेत, आणि त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने आहेत. जुन्या पोस्टकार्डांपासून आजच्या मोबाइलपर्यंतचे हे फोटो नीट पाहिले तर शहराचा इतिहास कळतोच. शिवाय फोटोखाली लिहिलेल्या एका ओळीमुळे फोटोचा अर्थ कसा फिरतो, हेही याच शहराच्या किनाऱ्यावर स्पष्ट दिसून आलं आहे.

आधी हे शहर समजून घेऊ

नीस फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठावर वसलं आहे. इटलीची हद्द इथून साधारण 30 किलोमीटरवर आणि मोनॅको त्याहूनही जवळ. 1860 मध्ये हे शहर फ्रान्सकडे आलं, त्याआधी ते सार्डिनियाच्या राज्यात होतं. त्यामुळे जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्या, पिवळ्या-केशरी भिंती आणि खाणंपिणं यांवर इटलीची छाप आहे. नीसची स्वतःची बोलीही आहे आणि जुन्या भागातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर ती आजही दिसते.

शहराची खरी ओळख म्हणजे समुद्रालगतचा सुमारे 7 किलोमीटरचा रस्ता, 'प्रोमनाद देझांग्ले'. याचा अर्थ 'इंग्रजांची फिरण्याची वाट'. हे नाव पडण्यामागे गरिबीची गोष्ट आहे. थंडी टाळण्यासाठी अठराव्या शतकापासून श्रीमंत इंग्रज इथे मुक्कामाला येत असत. 1821-22 च्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीनं संत्र्यांचं पीक गेलं आणि अनेकांचा रोजगार बुडाला. तेव्हा लुईस वे या इंग्रज धर्मगुरूनं आपल्या देशबांधवांकडून वर्गणी गोळा केली आणि बेकारांना काम मिळावं म्हणून किनाऱ्यालगत पायवाट बांधून घेतली. आज ज्या रस्त्यावर उभं राहून लोक सेल्फी काढतात, तो मुळात दुष्काळी कामासारखा सुरू झाला होता.

पुढे रेल्वे आली, हॉटेलं उभी राहिली. राणी व्हिक्टोरिया 1890 च्या दशकात सिमिए टेकडीवर मुक्कामाला येऊ लागली. तिच्या लवाजम्यात भारतातून गेलेला मुन्शी अब्दुल करीमही असे. 1887 मध्ये स्तेफां लिएजार या लेखकानं या किनाऱ्याला 'कोत दाझ्यूर', म्हणजे 'निळा किनारा', असं नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. 2021 मध्ये युनेस्कोनं नीसला 'हिवाळी मुक्कामाचं शहर' म्हणून जागतिक वारसा यादीत घेतलं.

जुन्या फोटोंत कुणी पोहताना का दिसत नाही?

'हिवाळी' हा शब्द महत्त्वाचा आहे. साधारण 1900 च्या आसपासचे नीसचे फोटो पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. समुद्र आहे, ऊन आहे, पण माणसं मात्र लांब कोट, टोप्या आणि हातमोजे घालून फिरत आहेत. बायकांच्या हातात छत्र्या आहेत आणि पाण्यात जवळजवळ कुणी नाही.

कारण तेव्हा नीसचा हंगाम हिवाळ्यात असे. उन्हाळा सुरू झाला की पाहुणे परतत आणि मोठी हॉटेलं बंद होत. काळवंडलेली त्वचा ही उन्हात राबणाऱ्याची खूण मानली जाई, त्यामुळे प्रतिष्ठित घरातली माणसं ऊन टाळत. 1920 आणि 1930 च्या दशकांत हे उलटं झालं. उन्हात रापणं ही चैन ठरली आणि किनारा उन्हाळ्यात गजबजू लागला. जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवले तर हा बदल कुठल्याही पुस्तकाआधी माणसांच्या कपड्यांतून कळतो.

रोजचं जगणं टिपणारे पहिले कॅमेरे

नीसजवळच्या ग्रास गावात 1820 मध्ये जन्मलेले शार्ल नेग्र हे सुरुवातीच्या मोठ्या छायाचित्रकारांपैकी एक. पॅरिसमध्ये असताना 1851 मध्ये त्यांनी धुराडी साफ करणाऱ्या मजुरांचा फोटो घेतला. ते मजूर नदीकाठानं चालत चालले आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात तेव्हाच्या कॅमेऱ्यांना चालता माणूस नीट टिपता येत नसे, म्हणून त्यांना चालण्याच्या पवित्र्यात स्थिर उभं केलं होतं. 'सहज टिपलेला' वाटणारा फोटो मांडून घेतलेला असू शकतो, हे इतकं जुनं आहे.

1863 मध्ये नेग्र तब्येतीच्या कारणानं नीसला आले. तिथे त्यांनी चित्रकला शिकवली आणि स्टुडिओ थाटून पाहुण्यांचे फोटो काढले. आज नीसमधलं फोटोग्राफीचं संग्रहालय त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

त्यांच्यानंतरचं मोठं नाव म्हणजे झां जिलेत्ता. नीसजवळच्या लेव्हांस गावात 1856 मध्ये जन्मलेल्या जिलेत्तांनी शहर आणि आसपासचा डोंगराळ मुलूख पालथा घातला. त्यांच्या फोटोंची पोस्टकार्डं घरोघरी गेली. त्यांचं काम पर्यटकांना विकायचं होतं, म्हणून त्यात हॉटेलं आणि बागा भरपूर आहेत. पण त्या काळच्या पोस्टकार्डांत शहरातले कष्टकरीही दिसतात: जाळी दुरुस्त करणारे कोळी, फुलं विकणाऱ्या बायका आणि नदीत कपडे धुणाऱ्या धोबिणी.

धोबिणींची नदी आणि आजचं कारंजं

शहराच्या मधून पायों नावाची नदी वाहते. वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात दगडगोटे आणि मधोमध पाण्याची बारीक धार असे. त्या धारेपाशी गुडघ्यांवर बसून बायका कपडे आपटत आणि पात्रातल्या दगडांवर वाळत घालत. हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांच्या चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडं अशाच हातांनी स्वच्छ होत होती. डोंगरात पाऊस झाला की ही शांत नदी अचानक फुगे. तेव्हा घोडेस्वार 'पायों आली' असं ओरडत पुढे येत आणि बायका कपडे उचलून पळत, अशी आठवण शहरात सांगितली जाते.

पर्यटकांना हे दृश्य 'मजेशीर' वाटे, म्हणून त्याची पोस्टकार्डं निघाली. त्या बायकांना त्या विक्रीतून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पोस्टकार्डांवर त्यांची नावंही नाहीत. छापील ओळ फक्त 'धोबिणी' एवढंच सांगते. तरीही नीसची झगमग कुणाच्या मेहनतीवर उभी होती, याचा हा अस्सल पुरावा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही नदी टप्प्याटप्प्यानं झाकण्यात आली. त्या झाकलेल्या पात्रावर 2013 मध्ये मोठी सार्वजनिक बाग खुली झाली. तिथल्या सपाट फरशीतून पाण्याचे फवारे उडतात. उन्हाळ्यात मुलं त्यात नाचतात आणि आईवडील बाजूला उभे राहून मोबाइलवर व्हिडिओ काढतात. खालून नदी अजून वाहते आहे.

श्रीमंतांचा घरगुती अल्बम

1888 मध्ये कोडॅकनं शंभर फोटो निघतील असा, हातात मावणारा कॅमेरा बाजारात आणला. 1900 मध्ये एक डॉलरचा 'ब्राउनी' आला. फोटो काढायला आता स्टुडिओ लागेना आणि घरगुती फोटोंचा काळ सुरू झाला.

या घरगुती फोटोंचा बादशहा म्हणजे झाक-आंरी लार्तिग. 1894 मध्ये सधन घरात जन्मलेल्या लार्तिगनं लहानपणीच कॅमेरा हातात घेतला आणि आयुष्यभर आपल्याच माणसांचे फोटो काढले: बायको, मित्रमंडळी, मोटारी, समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्ट्या. रिव्हिएराच्या ऐन भराच्या काळातली मौजमजा त्याच्या अल्बमांत आहे. हे फोटो त्यानं प्रदर्शनासाठी काढले नव्हते. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'नं ते मांडले आणि जवळपास 70 वर्षांचा हा माणूस रातोरात प्रसिद्ध झाला. 1979 मध्ये त्यानं आपला संग्रह फ्रेंच सरकारला दिला आणि 1986 मध्ये नीसमध्येच त्याचं निधन झालं.

लार्तिगच्या फोटोंत माणसं मोकळी हसतात, कारण कॅमेरा घरातल्याच माणसाच्या हातात आहे. त्याच किनाऱ्यावर एक वेगळा कॅमेराही फिरत होता.

पांघरुणाखाली लपवलेला कॅमेरा

झां व्हिगो या तरुण दिग्दर्शकाला क्षय होता आणि हवापालटासाठी तो नीसला राहत होता. 1930 मध्ये त्यानं कॅमेरामन बोरिस कॉफमनबरोबर 'आ प्रोपो द नीस' हा सुमारे 25 मिनिटांचा मूकपट केला. प्रोमनादवरच्या लोकांना कळू नये म्हणून कॉफमन चाकांच्या खुर्चीत बसे, कॅमेरा पांघरुणाखाली दडवलेला असे आणि व्हिगो खुर्ची ढकलत असे. पेंगणारे म्हातारे, नटलेल्या बायका, कुत्री, पेपर वाचणारे पुरुष असं सगळं त्यात आलं. मग चित्रपट जुन्या नीसच्या गल्ल्यांत शिरतो. तिथे डोक्यावर वाळणारे कपडे आहेत, गटारं आहेत आणि रस्त्यावर खेळणारी पोरं आहेत. दोन्ही वस्त्यांमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर होतं. व्हिगो 1934 मध्ये, अवघ्या 29 व्या वर्षी गेला.

एक खुर्ची, एक फोटो, तीन अर्थ

त्याच 1934 सालात लिझेट मॉडेल कॅमेरा घेऊन प्रोमनादवर आली. ती मूळची व्हिएन्नाची, 1901 चा जन्म, आधी संगीताची विद्यार्थिनी. तिची आई नीसमध्ये राहत होती आणि लिझेट तिला भेटायला आली होती. तिच्याकडे रोलायफ्लेक्स होता. हा कॅमेरा कमरेपाशी धरून वरून त्यात पाहायचं असतं. त्यामुळे खुर्चीत बसलेली माणसं खालच्या कोनातून टिपली जातात आणि अंगानं भारी, अवजड दिसतात. डार्करूममध्ये लिझेट फोटोच्या कडा कापून माणूस आणखी जवळ आणत असे. खुर्चीत रेललेले, कंटाळलेले, संशयानं कॅमेऱ्याकडे पाहणारे श्रीमंत लोक हा त्या मालिकेचा विषय. त्यातला एक प्रसिद्ध फोटो 'फ्रेंच जुगारी' या नावानं ओळखला जातो.

आता या फोटोंचा पुढचा प्रवास पाहा.

पहिला मुक्काम 1935 चा. फ्रान्समधल्या 'रगार' या डाव्या विचारांच्या साप्ताहिकानं ही मालिका छापली. तिथे अर्थ होता: हे पाहा ऐतखाऊ श्रीमंत.

दुसरा मुक्काम 1941 चा. 1938 मध्ये लिझेट नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कला स्थायिक झाली. जून 1940 मध्ये फ्रान्स हिटलरच्या जर्मनीपुढे कोसळला. काही महिन्यांनी न्यूयॉर्कच्या 'पीएम' या दैनिकानं तेच फोटो 'फ्रान्स का कोसळला' अशा मथळ्याखाली छापले. खुर्चीतली माणसं आता एका देशाच्या पराभवाचं कारण ठरली.

तिसरा मुक्काम संग्रहालयांचा. आज हे फोटो जगभरातल्या कलासंग्रहांत आहेत आणि रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा नमुना म्हणून अभ्यासले जातात. लिझेटनं 1951 पासून न्यूयॉर्कमध्ये फोटोग्राफी शिकवली. प्रसिद्ध छायाचित्रकार डायान आर्बस ही तिचीच विद्यार्थिनी.

फोटो तोच, खुर्ची तीच, माणूसही तोच. 1934 मधल्या एका दुपारी उन्हात बसलेल्या त्या माणसानं फ्रान्सच्या सैन्याचं काय बिघडवलं होतं? फोटोत त्याचं उत्तर नाही. ते मथळ्यानं दिलं आणि वाचकांना पटेल असं दिलं. आज फॉरवर्ड होणाऱ्या फोटोंच्या बाबतीत हेच रोज घडतं, फक्त सहा वर्षांऐवजी सहा मिनिटांत.

14 जुलै 2016 ची रात्र

14 जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. 2016 मध्ये त्या रात्री आतषबाजी पाहायला हजारो कुटुंबं प्रोमनादवर जमली होती. कार्यक्रम संपता संपता एका हल्लेखोरानं गर्दीत ट्रक घुसवला. 86 जणांचा जीव गेला आणि शेकडो जखमी झाले.

त्यानंतर काही मिनिटांतच मृतदेहांचे फोटो आणि व्हिडिओ पसरू लागले. मृतांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या सन्मानासाठी हे पसरवू नका, असं आवाहन फ्रेंच पोलिसांना करावं लागलं. पत्नीच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या माणसाची मुलाखत दाखवल्याबद्दल फ्रान्सच्या सरकारी वाहिनीनं जाहीर माफी मागितली.

त्या संध्याकाळी हल्ल्याआधीही अनेकांनी फोटो काढले असणार: आईस्क्रीम खाणारी मुलं, खांद्यावर बसलेलं बाळ, आकाशातली आतषबाजी. अशा फोटोंना एरवी कुणी जपून ठेवत नाही. माणूस गेल्यावर घरच्यांना मात्र तेच हवे असतात. आज किनाऱ्यालगत मृतांच्या स्मरणार्थ देवदूताचं शिल्प उभं आहे.

अनोळखी माणसाचा फोटो: फ्रान्सचा कायदा काय म्हणतो?

फ्रान्सच्या नागरी संहितेचं कलम 9 प्रत्येकाला खासगी आयुष्याच्या सन्मानाचा हक्क देतं. त्यावरून तिथल्या न्यायालयांनी माणसाचा आपल्या प्रतिमेवर हक्क आहे, असं मानलं आहे. ढोबळ मानानं नियम असे:

- रस्त्यावरच्या गर्दीचा फोटो चालतो, पण त्यातून एकाच व्यक्तीला वेगळं काढून ओळखू येईल असं प्रसिद्ध केलं तर तिची संमती लागू शकते.
- फोटो काढणं आणि तो प्रसिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढू दिला म्हणजे पोस्ट करायला परवानगी दिली असं होत नाही.
- खासगी जागेत असलेल्या माणसाचा फोटो संमतीशिवाय काढणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि 45,000 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.
- बातमी आणि कला यांना सूट मिळते, पण माणसाची अप्रतिष्ठा होत असेल तर न्यायालय ती नाकारू शकतं.

थोडक्यात, लिझेटसारखा फोटो आज कुणी काढला आणि वर 'जुगारी' लिहून टाकला, तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं.

फोटो नीसचाच आहे का? कधीचा? अशी करा पडताळणी

'शंभर वर्षांपूर्वीचं नीस' म्हणून कुठलेही फोटो फिरत असतात. काही खुणा लक्षात ठेवल्या तर फसगत टळते.

- दगडगोटे: नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गुळगुळीत गोटे आहेत. मऊ वाळू दिसली तर फोटो बहुधा दुसऱ्या गावचा.
- समुद्रातला महाल: किनाऱ्यापासून पाण्यात उभी असलेली घुमटांची इमारत म्हणजे जेती कॅसिनो. ती 1891 मध्ये खुली झाली आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं धातूसाठी मोडली. ती दिसली तर फोटो या दरम्यानचा.
- नेग्रेस्को हॉटेल: गुलाबी घुमटाचं हे हॉटेल 1913 मध्ये सुरू झालं. पहिल्या महायुद्धात ते रुग्णालय होतं.
- निळ्या खुर्च्या: प्रोमनादवरच्या या खुर्च्या 1950 च्या दशकापासूनच्या. लिझेटच्या फोटोंत त्या शोधू नका.
- उंच खांबांवर बसलेले पुतळे: मासेना चौकातले हे सात पुतळे झाउमे प्लेन्सा या शिल्पकाराचे, 2007 चे. त्याच वर्षी शहरात आधुनिक ट्रामही सुरू झाली.

आज नीसमध्ये काय टिपण्यासारखं आहे?

जुन्या वस्तीतल्या कूर सालेया चौकात सोमवार सोडून रोज फुलं आणि भाजीचा बाजार भरतो. सोमवारी तिथे जुन्या वस्तू मांडतात, त्यांत जुनी पोस्टकार्डंही मिळतात. जवळच्या गल्ल्यांत 'सोक्का' मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्यावर होणारा हा पदार्थ म्हणजे मोठ्या तांब्याच्या तव्यावर भट्टीत भाजलेलं बेसनाचं धिरडंच म्हणा. पूर्वी तो मजुरांचा आणि कोळ्यांचा सकाळचा आधार होता. दुपारी ठीक बाराला टेकडीवरून मोठा बार होतो. नवखे दचकतात, स्थानिक घड्याळाकडेही पाहत नाहीत.

याच जुन्या वस्तीतली घरं आता मोठ्या प्रमाणावर पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्यानं दिली जातात. राहणाऱ्यांसाठी घरं महाग होत गेल्यानं शहरानं अशा भाड्यांवरचे नियम कडक केले. खिडक्यांत वाळणारे कपडे हे जुन्या नीसचं सगळ्यात जास्त टिपलं जाणारं दृश्य आहे. पण तिथे कुणी राहत असेल तरच दोरीवर कपडे दिसणार.

म्हणून नीसचा असा एखादा फोटो काढलाच, तर त्याखाली जागा आणि तारीख जरूर लिहा. त्यात कुणी ओळखू येत असेल तर त्या माणसाला विचारा, आणि जमलं तर त्याचं नावही लिहा. पायोंकाठच्या धोबिणींना तेवढंही मिळालं नव्हतं.